शब्दांची विचारपूस : ‘लाइट’ या इंग्रजी शब्दाविषयी वाचकांचे प्रश्न

बडोद्याच्या वाचकांकडून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे ‘लाइट’ हा इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ आणि त्याचे समानार्थी शब्द. ही पत्रे एकत्र घेऊन उत्तरे देणे सोयीचे वाटले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीच लांबली आहेत, कारण खरा गुंता तिथेच आहे.

प्रश्न : मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गात मराठी आणि गुजराती अशा दोन्ही घरांतील मुले आहेत. ‘लाइट’ म्हणजे प्रकाश, ‘लाइट’ म्हणजे वजनाने हलके, ‘लाइट’ म्हणजे फिका रंग आणि ‘लाइट’ म्हणजे पेटवणे, हे सर्व एकाच शब्दात कसे सामावले, असे मुले विचारतात. त्यांना काय सांगावे? (एक शिक्षिका, दांडिया बाजार)

उत्तर : मुलांना सर्वप्रथम हे सांगावे की हा एक शब्द नसून दोन वेगळे शब्द आहेत आणि कालौघात त्यांचे उच्चार व स्पेलिंग सारखे झाले आहे. प्रकाश या अर्थाचा ‘लाइट’ ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच धातूचे वंशज लॅटिनमधील ‘लक्स’ आणि ‘ल्युमेन’, चंद्रवाचक ‘लूना’ आणि ग्रीकमधील ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा हे शब्द आहेत. आपल्याकडे तोच धातू ‘रुच्’ या रूपात आढळतो. संस्कृतात ‘रोचते’ म्हणजे प्रकाशते आणि आवडतेही. मराठीने त्यातला दुसरा अर्थ ठेवून घेतला, म्हणून आपण ‘मला हे रुचत नाही’ असे म्हणतो, तेव्हा ‘लाइट’चा एक दूरचा नातलगच वापरत असतो. आलोक, अवलोकन आणि लोचन हे शब्दही अभ्यासक याच कुळातले मानतात.

वजनाने हलके या अर्थाच्या ‘लाइट’चे कूळ निराळे आहे. त्याचा संस्कृतातील भाऊ म्हणजे ‘लघु’. लघुचे प्राकृतात ‘लहु’ झाले, पुढे त्यातील अक्षरांची अदलाबदल होऊन मराठीत ‘हळू’ आणि गुजरातीत ‘हळवुं’ ही रूपे आली. गुजराती मूल वजनाला कमी असलेल्या वस्तूला ‘हळवुं’ म्हणते, तर मराठी मूल पटकन डोळ्यांत पाणी येणाऱ्या माणसाला ‘हळवा’ म्हणते. एकाच वर्गात बसलेल्या या दोन मुलांना आपले शब्द सख्खे भाऊ आहेत हे कळले, तर त्यांना होणारा आनंद मोठा असेल. कोकणातील शेतकरी लवकर तयार होणाऱ्या भाताला ‘हळवे’ आणि उशिरा तयार होणाऱ्याला ‘गरवे’ म्हणतात. लघु आणि गुरू ही जोडी तिथे शेतात अजून नांदते आहे, याची आपल्याला क्वचितच जाणीव असते.

हे दोन शब्द वेगळे आहेत याचा पुरावा शेजारच्या भाषांत मिळतो. जर्मन भाषेत प्रकाशाला ‘लिख्ट’ आणि हलक्याला ‘लाइख्ट’ म्हणतात. फ्रेंचमध्ये तर ‘ल्युमिएर’ आणि ‘लेजे’ असे पूर्णपणे निराळे शब्द आहेत. डच भाषेत मात्र इंग्रजीप्रमाणेच दोन्हींचे रूप एक झाले आहे. मुलांना स्पेलिंगमध्ये छळणारी मधली ‘जी-एच’ ही अक्षरे एकेकाळी ‘ख’सारख्या घशातल्या ध्वनीने उच्चारली जात. इंग्रजीत तो ध्वनी लोपला, पण लिखाणात त्याची खूण राहिली.

आता प्रत्येक अर्थ कोणत्या शब्दाकडे जातो ते पाहू. पेटवणे हे क्रियापद प्रकाशवाचक शब्दाचे आहे. इथे मराठी अधिक नेमकी आहे, कारण आपण चूल पेटवतो आणि देवापुढे दिवा लावतो, इंग्रजीला या दोन्हींसाठी एकच क्रियापद पुरते. फिका रंग हा अर्थसुद्धा प्रकाशाकडचाच आहे, म्हणजे ज्यात काळोख कमी आणि उजेड जास्त असा रंग. त्यामुळे ‘लाइट ब्लू’चे ‘हलका निळा’ असे भाषांतर करताना आपण चुकीच्या ‘लाइट’चे भाषांतर करत असतो. हा प्रयोग आता रूढ झाला आहे हे मान्य करूनही ‘फिका निळा’ किंवा ‘फिकट निळा’ हेच मला योग्य वाटते. गुजराती मुले रंगाला ‘आछो’ म्हणतात, तेही अगदी बरोबर आहे. वाहनातून उतरणे या अर्थाचे ‘अलाइट’ मात्र वजनाच्या बाजूचे आहे. घोड्यावरून उतरणे म्हणजे घोड्याचा भार हलका करणे, या कल्पनेतून ते आले. म्हणून रेल्वेच्या फलकावरील ‘अलाइट’चा दिव्याशी काहीही संबंध नाही.

वजनाच्या ‘लाइट’चे मराठी करताना सर्वत्र ‘हलका’ वापरता येत नाही, हे मुद्दाम शिकवावे. ‘लाइट मील’ म्हणजे हलका आहार हे ठीक आहे, पण ‘लाइट स्लीप’ म्हणजे सावध झोप, ‘लाइट रेन’ म्हणजे पावसाची भुरभुर किंवा रिमझिम आणि ‘लाइट-हेडेड’ म्हणजे गरगरल्यासारखे होणे. ‘लाइट म्युझिक’ला आपल्या जाणत्यांनी ‘सुगम संगीत’ हा सुंदर शब्द दिला. त्याऐवजी ‘हलके संगीत’ म्हटले असते तर त्या संगीताचा अपमान झाला असता, कारण मराठीत ‘हलका’ या शब्दाला कमी प्रतीचा, क्षुद्र असाही अर्थ आहे. हलक्या कानाचा, हलक्या मनाचा हे प्रयोग त्याची साक्ष देतात. ‘लाइट-हार्टेड’ माणसाला हलक्या मनाचा म्हणून पाहा, अर्थ थेट उलट होतो. आपल्या ओळखीचे आणखी एक उदाहरण म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री. १७६८पासूनची परंपरा सांगणाऱ्या या रेजिमेंटच्या नावातील ‘लाइट’ म्हणजे थोडी शस्त्रसामग्री घेऊन वेगाने चालणारे पायदळ. तेथे ना प्रकाशाचा संबंध आहे, ना कमीपणाचा.

एक अर्थ मात्र इंग्रजीकडून आलेला नाही, तो आपणच तयार केला आहे. ‘लाइट गेली’ या वाक्यातील लाइट म्हणजे दिवा नव्हे, तर वीजपुरवठा. पंखा आणि फ्रिज यांचा खर्चही आपण ‘लाइट बिला’तच मोजतो. गुजरातीतही तसेच म्हणतात. मुलांनी इंग्रजी निबंधात या अर्थाने ‘लाइट’ लिहिले तर ते दुरुस्त करून ‘पॉवर’ किंवा ‘इलेक्ट्रिसिटी’ लिहायला सांगावे. मराठी बोलताना मात्र त्यांना अडवू नये, कारण मराठीत तो शब्द आता मराठीच्या नियमांनी, स्त्रीलिंगी होऊन, वावरतो आहे.

प्रश्न : मी एका इंग्रजी कथेचा मराठी अनुवाद करते आहे. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, शिमर, ट्विंकल अशा सर्व शब्दांसाठी शब्दकोशात ‘चमक’ आणि ‘चमकणे’ हेच दिसते. मराठीत खरोखर एवढेच शब्द आहेत का? (एक विद्यार्थिनी, सयाजीगंज)

उत्तर : मुळीच नाही. दोष मराठीचा नाही, समानार्थी शब्द एका ओळीत नुसते मांडून ठेवणाऱ्या कोशपद्धतीचा आहे. समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी आपोआप बसत नाहीत. अनुवाद करताना आधी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रकाश त्या वस्तूचा स्वतःचा आहे की परावर्तित, तो स्थिर आहे की हलता, आणि तो डोळ्यांना सुखावतो की त्रास देतो. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की योग्य मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप समोर येतो.

‘ग्लो’ हा आतून येणारा, स्थिर, ज्वाळा नसलेला प्रकाश असतो. शेगडीतील निखारा रसरसतो, तो ग्लो. उत्तरायणाच्या रात्री पतंगाच्या दोरीला बांधून सोडलेल्या तुक्कलींच्या रंगीत कागदातून जो मंद प्रकाश दिसतो, तोही ग्लोच, पण तिथे ‘रसरसणे’ चालणार नाही, ‘तेवणे’ चालेल. चेहऱ्यावरचा ग्लो म्हणजे कांती किंवा तेज. पाहा, एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत तीन निराळे शब्द झाले आणि तिन्ही अटळ आहेत.

‘ग्लीम’ परावर्तित आणि सौम्य असतो. घासूनपुसून ठेवलेली तांब्यापितळेची भांडी चकाकतात, ती ग्लीम करतात. ‘ग्लिंट’ हा क्षणाचा आणि कठीण कडेवरचा असतो, म्हणून तलवारीचे पाते ‘लखकन चमकले’ असे म्हणावे. त्यातला ‘लखकन’ हाच ग्लिंट आहे, ‘चमकले’ हा केवळ आधार आहे. ‘ग्लिटर’मध्ये अनेक ठिपके एकदम उजळतात आणि मावळतात. नवरात्रात गरबा खेळताना चनियाचोळीवरच्या आभल्यांतून जे दिसते ते ग्लिटर. त्याला चमचमणे म्हणावे, आणि त्यात थाटमाट असेल तर झगमगणे. ‘शिमर’मध्ये प्रकाश थरथरतो. रात्री सुरसागराच्या पाण्यावर काठावरच्या दिव्यांची जी प्रतिबिंबे हलतात, त्यांना झिळमिळणे हा शब्द शोभतो. ‘झिलमिल’ हिंदीतून ऐकून ऐकून आपण ‘झिळमिळ’ विसरत चाललो आहोत, याचे मला वाईट वाटते. ‘ग्लिसन’ म्हणजे ओल्या पृष्ठभागावरची चकाकी, पानावरच्या दंवाची किंवा घामेजलेल्या कपाळाची. यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद नाही, तिथे ओलावा शब्दांनी सांगावा लागतो.

‘ट्विंकल’ला मात्र ‘लुकलुकणे’ हा असा जोडीदार मिळाला आहे की अनुवादकाने दुसरीकडे पाहूच नये. तारे लुकलुकतात, कारण त्यांचा प्रकाश हवेच्या हलत्या थरांतून येताना सतत थोडा वळतो, ग्रह सहसा लुकलुकत नाहीत, कारण दुर्बिणीतून पाहिले तर ते बिंदू नसून छोट्या चकत्या असतात. ‘फ्लिकर’ आणि ‘मिणमिणणे’ यांची मात्र गल्लत होते. मिणमिणणारा दिवा मंद असतो, तो हलेलच असे नाही. फ्लिकर करणारी ज्योत हलते, कमीजास्त होते, ती विझण्याआधी फडफडते. कथेत दिवा नुसता अपुरा आहे की विझायच्या बेतात आहे, हे पाहून शब्द निवडावा. आणि विझण्याचाच प्रसंग आला, तर देवघरातला दिवा ‘विझला’ असे लिहिण्यापूर्वी विचार करावा. जुन्या घरांत दिवा ‘मालवतात’, तो ‘शांत होतो’. तुमच्या कथेतील आजी कोणत्या पिढीची आहे, हे एवढ्या एका क्रियापदावरून वाचकाला कळेल.

त्रासदायक प्रकाशासाठी ‘ग्लेअर’ आणि ‘डॅझल’ हे शब्द आहेत. मे महिन्यात दुपारी बडोद्यातील सिमेंटच्या गच्चीवर पडलेला प्रकाश भगभगीत असतो, तो ग्लेअर. ‘डॅझल’साठी मराठी कर्ताच बदलते : प्रकाश काही करत नाही, आपले डोळे दिपतात. इंग्रजी वाक्यातील प्रकाशाला कर्ता ठेवून ‘प्रकाशाने त्याला चकित केले’ असे लिहिले की वाक्य लंगडे होते, ‘त्याचे डोळे दिपले’ हे तीन शब्द पुरतात.

या शब्दांच्या ध्वनींकडेही लक्ष द्यावे. इंग्रजीत ‘ग्ल’ने सुरू होणारे पुष्कळ शब्द चकाकीशी निगडित आहेत आणि पुढचा भाग बदलून अर्थाच्या छटा बदलतात. मराठी हे काम द्विरुक्तीने करते : लुकलुक, मिणमिण, चमचम, लखलख, झगझग. आपले व्याकरण यांना अभ्यस्त शब्द म्हणते. अनुवादात ‘मोठ्या प्रमाणात चमकणे’ किंवा ‘किंचित चमकणे’ अशी विशेषणे आणि क्रियाविशेषणे जोडण्याऐवजी या शब्दांकडे वळावे, मराठीची लय तिथे आहे.

आणि उलट दिशेनेही पाहावे. कौलातल्या फटीतून आत येऊन जमिनीवर पडलेला प्रकाशाचा ठिपका म्हणजे कवडसा, यासाठी इंग्रजीत एकशब्दी जोड मला सापडत नाही. तिरप्या कोवळ्या उन्हाची तिरीप, दिवेलागण, पिठूर चांदणे हेही तसेच. ‘बीम’ म्हणजे झोत किंवा शलाका, पण कवडसा नव्हे. गरब्याच्या मधोमध ठेवतात त्या सच्छिद्र मडक्याला गुजरातीत ‘गरबो’ म्हणतात. त्याच्या आतल्या दिव्याचा प्रकाश छिद्रांतून बाहेर येऊन आसपास पडतो. त्या प्रकाशाला मी निःशंकपणे कवडसे म्हणेन. इंग्रजी लेखकाला तिथे एक पूर्ण वाक्य खर्च करावे लागेल.

प्रश्न : लाइटिंग, लाइटनिंग आणि लाइटनिंग (मध्ये ‘ई’ असलेले) यांत फरक कसा लक्षात ठेवावा? ‘डिलाइट’ हा शब्दही ‘लाइट’पासूनच आला ना? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : लाइटिंग म्हणजे दिव्यांची योजना, रोषणाई. ‘ई’ नसलेले लाइटनिंग म्हणजे आकाशातील वीज. ‘ई’ असलेले लाइटनिंग म्हणजे भार हलका करणे किंवा रंग उजळ करणे. ‘डिलाइट’ मात्र ‘लाइट’च्या कुटुंबातला नाही. तो लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि पूर्वी त्यात ‘जी-एच’ नव्हते. सोळाव्या शतकात ‘लाइट’च्या साम्यामुळे लोकांनी ती अक्षरे त्यात घातली. ‘लक्झरी’चाही ‘लक्स’शी संबंध नाही, तो ‘अतिरेक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. याउलट ज्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही असा शब्द म्हणजे ‘फोटो’. ग्रीकमधील प्रकाशवाचक ‘फोस’पासून तो आला आणि आपल्या प्रभा, आभा यांतील ‘भा’ हा त्याच मुळाचा आहे.

प्रश्न : कार्यालयीन अनुवादात ‘इन द लाइट ऑफ’साठी ‘च्या प्रकाशात’ असे लिहिले जाते. हिंदी पत्रांत ‘के आलोक में’ असते. मराठीत हे योग्य आहे का? (एक निवृत्त अनुवादक, राजमहाल रोड)

उत्तर : मला ते योग्य वाटत नाही. ‘आपल्या पत्राच्या प्रकाशात’ असे वाक्य वाचताना मराठी माणूस क्षणभर थबकतो. ‘हे लक्षात घेता’, ‘या संदर्भात’, ‘यास अनुसरून’ यांपैकी जे प्रसंगाला जुळेल ते वापरावे. प्रसंगाप्रमाणे म्हणतो, कारण इंग्रजी पदबंधात कधी नुसता संदर्भ असतो आणि कधी त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘संदर्भात’ अपुरे पडते.

‘थ्रो लाइट ऑन’साठी ‘प्रकाश टाकणे’ आता इतके रुळले आहे की त्याला हरकत घेण्यात अर्थ नाही. ‘ब्रिंग टु लाइट’साठी ‘उजेडात आणणे’ किंवा ‘उघडकीस आणणे’ हे अस्सल मराठी प्रयोग आहेत. सावध राहावे ते दोन ठिकाणी. ‘उजेड पाडणे’ आणि ‘दिवे लावणे’ हे मराठीत उपरोधाने म्हणतात. एखाद्या संशोधकाने या विषयावर ‘मोठा उजेड पाडला’ असे गौरवपत्रात लिहिले गेले, तर तो गौरव राहत नाही. गौरवपत्रात आणि देवघरात एकच शब्द वेगळ्या तऱ्हेने ऐकू येतो, याचे भान यंत्राने केलेल्या अनुवादाला राहत नाही. म्हणून अशा मजकुरावर जाणत्या माणसाची नजर फिरलीच पाहिजे.

आपल्या शहराला या कामाची मोठी परंपरा आहे, हे आपण जाणताच. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १९३१ साली प्रसिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा इंग्रजी, मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली अशा आठ भाषांतील राज्यकारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडणारा कोश आहे. कारभाराची भाषा लोकांना समजली पाहिजे, या आग्रहातून तो झाला. ‘च्या प्रकाशात’ला विरोध करताना माझाही आग्रह तोच आहे.

प्रश्न : बल्बच्या खोक्यावर ल्युमेन लिहिलेले असते आणि अभ्यासाच्या टेबलासाठी लक्स सांगतात. दोन्हींचा अर्थ ‘लाइट’च, मग दोन मापे कशाला? (अकरावीतील एक विद्यार्थी, वारसिया)

उत्तर : लॅटिनमध्ये दोन्ही शब्दांचा अर्थ प्रकाशच आहे, परंतु विज्ञानाने त्यांना वेगळी कामे नेमून दिली. दिव्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो, हे ल्युमेन सांगते. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश येऊन पडतो, हे लक्स सांगते. एक चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश सारखा पसरला तर तो एक लक्स होतो. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन प्रकाश देत असे, आजचा ८ ते ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढाच देतो. म्हणून खरेदी करताना वॅट पाहून उजेडाचा अंदाज करू नये, वॅट हे वापरलेल्या विजेचे माप आहे.

लक्सचा आवाका फार मोठा आहे. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात एकसुद्धा नसतो, आणि दोन्हीकडे आपले डोळे काम करतात. वाचनासाठी टेबलावर ३०० ते ५०० लक्स असावेत असे सर्वसाधारणपणे मानतात. छोट्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर लक्स जवळपास चौथाईवर येतात. त्यामुळे छताला अधिक ल्युमेनचा बल्ब लावण्यापेक्षा कमी ल्युमेनचा दिवा टेबलाजवळ आणणे बहुधा अधिक उपयोगी ठरते. उजव्या हाताने लिहीत असाल तर तो डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडणार नाही.